खिडकीपलीकडून नीट उत्तर यावं म्हणून

मे संपत आला की नाशिकच्या कॉलेज रोडवरची गर्दी बदलते. एरवी तिथे तरुण मुलांचे घोळके असतात. बारावीचा निकाल लागला की त्यांच्यात आईवडील मिसळतात. हातात प्लास्टिकची फाइल, त्यात गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास आणि प्रत्येकाच्या झेरॉक्स. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरीकडून सकाळच्या एसटीने आलेली माणसं सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरतात आणि एकेका कॉलेजची, एकेका क्लासची पायरी चढतात. चौकशीच्या खिडकीशी पोचलं की वडील मुलीला पुढे करतात. "तू विचार. तुला इंग्रजी येतं."

मुलगी पुढे होते. "सर, फीज?" एवढं विचारते. आतून एक आकडा येतो. ती मान डोलावते आणि मागे सरते. तो आकडा एका वर्षाचा की सगळ्या वर्षांचा, त्यात परीक्षा फी धरली आहे का, होस्टेल वेगळं का, प्रवेश रद्द केला तर पैसे परत मिळतात का, यातलं काहीच तिला कळलेलं नसतं. वडिलांना वाटतं पोरीने विचारलं. पोरीला वाटतं आपण विचारलं. आणि त्या अर्ध्या माहितीवर तीन-चार वर्षांचा आणि काही लाखांचा निर्णय घरी जाऊन होतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. इंग्रजीच्या पेपरात ऐंशीच्या पुढे मार्क मिळवणारी मुलं या खिडकीशी मुकी होताना पाहिली की मला वाईट वाटतं, आणि रागही येतो. राग त्यांच्यावर नाही. बारा वर्षं आपण त्यांना निबंध, सारांश, कर्तरी-कर्मणी शिकवतो. पण स्वतःच्या शिक्षणाबद्दल चार प्रश्न सरळ कसे विचारायचे, हे कोणीच बसून शिकवत नाही. म्हणून गेली बरीच वर्षं मे-जूनमध्ये संध्याकाळी माझ्या घरी ज्यांना यायचं ती मुलं येतात आणि आम्ही चौकशीची इंग्रजी वाक्यं तयार करतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. नाशिकमधल्या खिडकीवर मराठीत विचारायला काहीही हरकत नाही. गोखले एज्युकेशन सोसायटीचं एचपीटी कॉलेज १९२४ सालचं, मराठा विद्या प्रसारक समाज १९१४चा. या शहरातल्या शिक्षणसंस्था मराठी माणसांनी मराठी मुलांसाठी उभ्या केल्या. खिडकीआड बसलेली व्यक्ती बहुधा सिन्नरची किंवा निफाडची असते. तिच्याशी अडखळत इंग्रजी बोलून अर्धवट उत्तर घेण्यापेक्षा "दादा, वर्षाची एकूण फी किती होईल ते जरा सांगाल का?" असं विचारावं. पूर्ण उत्तर मिळतं. वडिलांनाही ते जागच्या जागी कळतं, आणि मग पुढचा प्रश्न तेच विचारतात. शेती आणि सोसायटीचा व्यवहार केलेल्या माणसाला पैशाचा प्रश्न कसा विचारायचा हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. इंग्रजीच्या नावाखाली आपण त्याला मागे उभं करतो, हे मला पटत नाही.

इंग्रजी लागतं ते वेगळ्या ठिकाणी. बंगळूरूच्या, चेन्नईच्या, दिल्लीच्या संस्थेला मेल करायचा असतो तेव्हा लागतं. परराज्यातल्या कार्यालयात फोन करायचा असतो तेव्हा लागतं. शिवाय नाशिकच्या कॉलेजचंही माहितीपत्रक, हमीपत्र, पावती हे सगळं बहुतेक इंग्रजीतच छापलेलं असतं. तिथे अडून चालत नाही.

दिंडोरी तालुक्यातल्या एका मुलीचा मेल मला अजून आठवतो. घरी द्राक्षबाग, तिला फूड टेक्नॉलॉजीला जायचं होतं, आणि दक्षिणेतल्या एका खाजगी विद्यापीठाची जाहिरात तिने पाहिली होती. तिने मसुदा लिहून आणला होता. "रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट मायसेल्फ अमुक अमुक फ्रॉम नाशिक. आय हॅव पास्ड आउट ट्वेल्थ इन २०२५. आय ॲम इंटरेस्टेड टू टेक ॲडमिशन इन युवर कॉलेज. काइंडली गिव्ह डिटेल्स ऑफ कोर्स अँड टेल मी व्हॉट इज द फीज. प्लीज डू द नीडफुल."

असे मेल रोज शेकड्याने जात असतील. अर्थ समजतो, त्यामुळे तो मेल टाकाऊ मुळीच नव्हता. पण त्याला उत्तर म्हणून काय आलं असतं? माहितीपत्रकाची एक लिंक. कारण मेलमध्ये नेमकं काही विचारलेलंच नव्हतं. "डिटेल्स" मागितले की जाहिरात हाती पडते.

आम्ही तो मेल ओळ ओळ करून सोडवला. "आय बेग टू स्टेट" आधी काढलं. हा साहेबाच्या काळातल्या अर्जाचा मायना आहे आणि आजच्या इंग्रजीत तो कोणी लिहीत नाही. "मायसेल्फ" काढलं. "माय नेम इज" किंवा "आय ॲम" पुरतं, आणि मेलच्या खाली नाव येणारच असेल तर तेही नको. मग "पास्ड आउट". नाशिकच्या माणसाला पासिंग आउट परेड ओळखीची आहे. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीतून प्रशिक्षण संपवून अधिकारी बाहेर पडतात तेव्हा ती होते, आणि तिथे तो शब्द चोख आहे. कॉलेजसाठीही भारतभर सगळे तो वापरतात, आपल्याकडे कोणी हसणार नाही. परदेशी विद्यापीठाला मात्र तसं लिहू नये, कारण तिथे त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं असा होतो. आणि बारावीची परीक्षा असेल तर "पास्ड" एवढंच बस्स.

"आय हॅव पास्ड इन २०२५" यात दुसरी एक अडचण आहे, ती फार थोड्यांच्या लक्षात येते. मराठीत आपण "मी २०२५ मध्ये बारावी पास झाले आहे" असं सहज म्हणतो. इंग्रजीत वर्ष किंवा तारीख सांगितली की "हॅव" चालत नाही. "आय पास्ड क्लास ट्वेल्व्ह इन २०२५." साल सांगायचं नसेल तेव्हाच "आय हॅव पास्ड क्लास ट्वेल्व्ह". परीक्षेचंही तसंच. आपण परीक्षा देतो म्हणून मुलं "आय गेव्ह द एक्झाम" लिहितात. इंग्रजीत परीक्षा देणारा मास्तर असतो, विद्यार्थी ती "टेक" करतो. सीईटीला बसलो, निकाल यायचा आहे, हे सांगायला आपल्याकडच्या बोर्डांचीच भाषा वापरावी, "आय हॅव अपिअर्ड फॉर". ती सगळीकडे समजते.

"इंटरेस्टेड टू टेक" च्या जागी "इंटरेस्टेड इन अप्लाइंग" आलं. अर्ज संस्थेकडे करायचा असेल तर "अप्लाय टू", अभ्यासक्रमासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी असेल तर "अप्लाय फॉर". प्रवेशाला "ॲडमिशन टू". ही बारीकसारीक अव्ययं मुलांना छळतात, कारण आपल्या मराठीत हे काम शब्दाला चिकटलेले प्रत्यय करतात आणि त्यांची जोडी इंग्रजीशी जुळत नाही. "एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा" म्हणतो म्हणून "डिस्कस अबाउट" होतं, आणि ते चुकीचं आहे. "एखाद्या गोष्टीबद्दल चौकशी" म्हणून "एन्क्वायर अबाउट" होतं, आणि ते बरोबर आहे. नियम शोधत बसण्यात अर्थ नाही. "एलिजिबल फॉर", "अप्लाय फॉर", "एन्क्वायर अबाउट", "ॲडमिशन टू" अशा जोड्या अख्ख्याच तोंडी बसवाव्यात. पाढ्यांसारख्या.

आणि मग ते वाक्य, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "टेल मी व्हॉट इज द फीज." यात दोन गोष्टी आहेत. "फीज" अनेकवचन, त्याला "आर" हवं, नाहीतर "फी" म्हणून "इज" ठेवावं. हे सोपं. दुसरी गोष्ट शब्दांच्या क्रमाची. "फी किती आहे?" आणि "फी किती आहे ते सांगाल का?" या दोन्हींत मराठीचा आतला तुकडा जसाच्या तसा राहतो. इंग्रजीत तो उलटतो. एकटा प्रश्न असेल तर "व्हॉट इज द फी?" पण "कुड यू टेल मी" पुढे आलं की "व्हॉट द फी इज". "व्हेन इज द लास्ट डेट?" पण "कुड यू टेल मी व्हेन द लास्ट डेट इज?" पदवीधर, पदव्युत्तर माणसं इथे घसरतात, कारण कानाला आपला क्रम बरोबर वाटतो. मी मुलांना हे मोठ्याने म्हणायला लावते. संध्याकाळी माझ्या हॉलमध्ये चार-पाच मुलं एका सुरात "व्हॉट द फी इज" म्हणतात तेव्हा शेजारी काय म्हणत असतील याचा विचार मी करत नाही. जीभ वळली की हात आपोआप तसं लिहितो.

"कुड यू" चा आग्रह मी का धरते तेही सांगते. मराठीत अदब क्रियापदातच असते. "सांगा" आणि "सांगाल का" यांतला फरक पाच वर्षांच्या पोराला कळतो. इंग्रजीत "यू" एकच, त्यामुळे ती अदब "कुड" आणि "वुड" यांच्यावर येते. "प्लीज सेंड मी द डिटेल्स" मध्ये प्लीज असलं तरी वाक्य हुकमाचंच राहतं. उलट आपली मुलं अदब दाखवण्यासाठी "रिस्पेक्टेड", "काइंडली", "हम्बल रिक्वेस्ट" असे शब्द ओततात आणि क्रियापद तसंच कोरडं ठेवतात. एक "कुड यू" त्या सगळ्यांचं काम करतो, आणि त्यात लाचारीही नाही. शिकायला निघालेल्या मुलीने कुणासमोर "बेग" करावं असं मला वाटत नाही. ती प्रवेशाची चौकशी करते आहे, उपकार मागत नाही.

"प्लीज डू द नीडफुल" आलं आहे आपल्या अर्जांतून. "तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती." तहसीलच्या अर्जात ते शोभतं, कारण काय करायचं ते वर विषयात लिहिलेलं असतं. चौकशीच्या मेलमध्ये शेवटी असं काही लिहिलं की वाचणाऱ्याला सुटका मिळते. योग्य काय ते तोच ठरवतो.

शेवटी मेल असा झाला. "डिअर ॲडमिशन्स ऑफिस, आय पास्ड क्लास ट्वेल्व्ह फ्रॉम द महाराष्ट्र स्टेट बोर्ड इन २०२५, विथ फिजिक्स, केमिस्ट्री अँड मॅथेमॅटिक्स. आय ॲम इंटरेस्टेड इन अप्लाइंग फॉर द बी.टेक. प्रोग्रॅम इन फूड टेक्नॉलॉजी. कुड यू प्लीज टेल मी व्हेदर आय ॲम एलिजिबल, व्हॉट द टोटल फी फॉर द फर्स्ट इयर इज, अँड व्हेन द लास्ट डेट टू अप्लाय इज? आय वुड ऑल्सो लाइक टू नो व्हेदर द फी इन्क्लूड्ज हॉस्टेल अँड मेस, अँड व्हॉट द रिफंड रूल्स आर."

उत्तर आलं. पात्रता, फी, तारीख, होस्टेल, सगळं आकड्यांनिशी. परताव्याबद्दल एक अक्षर नव्हतं. आम्ही तेवढा एकच प्रश्न पुन्हा पाठवला आणि त्याचंही उत्तर आलं. सगळे आकडे एका कागदावर मांडून तिने वडिलांसमोर ठेवले आणि दोघांनी मिळून ठरवलं की तिथे जायचं नाही. सीईटीच्या फेरीतून तिने महाराष्ट्रातच प्रवेश घेतला. अर्ज भरायच्या आधीच "नको" म्हणता आलं, एक रुपया न अडकवता, हे मला त्या मेलचं मोठं यश वाटतं.

फीच्या प्रश्नाबद्दल थोडं आणखी. "ट्यूशन फी" या शब्दाने अनेक पालक फसतात. आपल्याकडे ट्यूशन म्हणजे शिकवणी, खाजगी क्लास. कॉलेजच्या पत्रकात ट्यूशन फी म्हणजे शिकवण्याचं शुल्क, आणि ते एकूण रकमेचा एक भाग असतं. त्याच्याबरोबर डेव्हलपमेंट फी, परीक्षा फी, कॉशन डिपॉझिट म्हणजे अनामत, कुठे युनिफॉर्म, कुठे बस. शिष्यवृत्तीतसुद्धा हा भेद आहे. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींसाठी जी शंभर टक्के सवलत दिली, ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची. बाकीचं शुल्क उरतंच. "मुलींना सगळं फुकट" असं गावात ऐकून येणाऱ्या आईला हे खिडकीवर कळतं तेव्हा तिचा चेहरा पाहवत नाही. म्हणून "इज दिस द टोटल फी, ऑर ओन्ली द ट्यूशन फी?" हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. त्याच्या जोडीला "इज दॅट पर इयर, ऑर फॉर द एंटायर कोर्स?" आणि "कॅन इट बी पेड इन इन्स्टॉलमेंट्स?"

परताव्याच्या बाबतीत नियम आहे आणि तो मुलांना माहीत असावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत मिळते. प्रक्रिया खर्च म्हणून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, आणि तेही जास्तीत जास्त ५००० रुपये कापता येतात. १५ दिवसांपेक्षा कमी दिवस उरले असताना सोडला तर ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांच्या आत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. आणि संस्थेला विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. पडताळून लगेच परत करायची असतात. मूळ गुणपत्रिका मागितली तर "विल यू रिटर्न द ओरिजिनल्स आफ्टर व्हेरिफिकेशन?" असं विचारायला अजिबात बिचकू नये. प्रश्न नम्र आहे आणि नियमाला धरून आहे.

आता ज्याच्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला तो मुद्दा. व्याकरण चुकलं तर फार तर कोणी हसेल. पण जाहिरातीच्या इंग्रजीतला एक शब्द चुकीचा समजला तर वर्षं जातात. ओळखीतल्या एका घरातला मुलगा एका खाजगी संस्थेत मॅनेजमेंटचा कोर्स करत होता. पत्रकावर एका विद्यापीठाचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, त्याच्या आधी लहान अक्षरांत "इन असोसिएशन विथ", म्हणजे नुसतं "यांच्या सहकार्याने". घरच्यांनी विद्यापीठाचं नाव वाचलं. दोन वर्षांनी हातात आलं ते त्या संस्थेचंच प्रमाणपत्र. पदवी नव्हती, आणि संस्थेने ती कधी कबूल केलीच नव्हती. कागदावर त्यांचं कुठेच चुकलेलं नव्हतं. त्या मुलाच्या आईने मला विचारलं, "मॅडम, आम्ही काय विचारायला पाहिजे होतं?"

एकच वाक्य. "व्हिच युनिव्हर्सिटी विल अवॉर्ड द डिग्री?" पदवी कोणतं विद्यापीठ देणार, पदवीवर कोणाचं नाव छापलं जाणार. याचं उत्तर दोन-चार शब्दांचं असतं. ते सोडून समोरचा माणूस कॅम्पस, टाय-अप, इंडस्ट्री एक्स्पोजर यांबद्दल बोलायला लागला तर तेच उत्तर समजावं.

याच प्रकारचे आणखी शब्द आहेत. ते सगळे एकाच अर्थाने वापरले जातात, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. "ॲफिलिएटेड टू" म्हणजे कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. "रेकग्नाइज्ड" म्हणजे मान्यताप्राप्त. मग कोणाची मान्यता, हा पुढचा प्रश्न. "अप्रूव्ड बाय" हे तांत्रिक अभ्यासक्रमांना एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेचं, फार्मसीला फार्मसी कौन्सिलचं, बी.एड.ला एनसीटीई या शिक्षक-शिक्षण परिषदेचं. "ॲक्रेडिटेड" म्हणजे नॅक किंवा एनबीए या मूल्यांकन करणाऱ्या संस्थांनी गुणवत्ता तपासून श्रेणी किंवा मानांकन दिलं. "ऑटोनॉमस" म्हणजे कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पण पदवी विद्यापीठाचीच. एका जाहिरातीत "आयएसओ सर्टिफाइड इन्स्टिट्यूट" असं ठळक छापलेलं असतं. त्याचा पदवीच्या वैधतेशी काहीही संबंध नाही. "इज धिस कोर्स अप्रूव्ड फॉर द करंट ॲकॅडमिक इयर?" असं वर्षाचा उल्लेख करून विचारावं, कारण जुन्या वर्षाचं पत्र दाखवून नव्या वर्षाचे प्रवेश घेतले जाऊ शकतात. आणि विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती मोबाईलवर बघायला दोन मिनिटं लागतात.

नोकरीबद्दलचा शब्द तर सगळ्यात गोड. "हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट असिस्टन्स." पालक ऐकतात शंभर टक्के आणि प्लेसमेंट. शेवटच्या "असिस्टन्स"कडे लक्ष जात नाही. मदत शंभर टक्के करू, एवढंच ते वचन. शंभर टक्के मुलांना नोकरी लागेल असं त्यात कुठेही नाही. तिथे विचारायचं, "हाऊ मेनी स्टुडंट्स फ्रॉम लास्ट इयर्स बॅच वेअर प्लेस्ड, अँड आउट ऑफ हाऊ मेनी?" शेवटचे शब्द सोडायचे नाहीत. चाळीस मुलं लागली हे खरं असतं. पन्नासातली चाळीस की चारशेतली, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारी, बारावीनंतर कमावायला लागलेली मुलं संध्याकाळी येतात तेव्हा प्रश्न वेगळे असतात. त्यांच्यासाठी या शहरात १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, आणि तिथल्या चौकशीला इंग्रजी लागत नाही ही मला मोठी गोष्ट वाटते. "मुक्तची डिग्री चालते का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मान्यताप्राप्त विद्यापीठाने दूरशिक्षणातून दिलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केलेलं आहे. पण परराज्यातल्या एखाद्या विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स असेल तर "इज धिस प्रोग्रॅम एन्टायटल्ड बाय यूजीसी-डीईबी फॉर धिस सेशन?" असं लेखी विचारून घ्यावं. यूजीसी म्हणजे हाच आयोग आणि डीईबी म्हणजे त्याचा दूरशिक्षण विभाग. इंजिनीअरिंग, नर्सिंग, फार्मसी अशी पदवी कोणी दूरशिक्षणातून देतो म्हणाला तर पुढचा प्रश्न न विचारता फोन ठेवावा, कारण त्याला परवानगीच नाही.

फोनचा विषय निघालाच आहे. मेलवर विचार करायला वेळ असतो, फोनवर समोरचा भरभर बोलतो आणि आपली मुलं "येस सर, येस सर" करत राहतात. कळलं नाही हे सांगायची त्यांना लाज वाटते. त्यांना मी दोन-तीन वाक्यं देते आणि खरोखर फोन करून पाहायला लावते. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन अ लिटल स्लोअर?" आकड्यासाठी "डिड यू से फिफ्टीन ऑर फिफ्टी?" पंधरा हजार आणि पन्नास हजार यांत घोळ झालेला मी पाहिला आहे. आणि फोन ठेवण्याआधी "मे आय नो हू आय ॲम स्पीकिंग टू?" आणि "कुड यू सेंड मी धिस बाय ईमेल?" नाव विचारलं की बोलणारा जपून बोलतो. लेखी मागितलं की फोनवर पक्की असलेली काही आश्वासनं मेलमध्ये येतच नाहीत. ती का आली नाहीत ते घरी सगळ्यांना समजतं.

परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी एक शब्द सांगून हा भाग संपवते. आपल्या वर्गात "आय हॅव अ डाउट" म्हणजे शंका आहे, प्रश्न आहे. तिकडच्या प्रवेश कार्यालयाला "आय हॅव अ डाउट अबाउट युवर कोर्स" लिहिलं तर तुमच्या कोर्सबद्दल मला संशय आहे असं त्यांना वाटेल. "आय हॅव अ क्वेश्चन अबाउट" लिहावं.

इतकी वर्षं हे करताना माझी एक पद्धत पक्की झाली आहे. मुलं थेट इंग्रजीत लिहायला बसली की त्यांना जेवढं इंग्रजी येतं तेवढेच प्रश्न सुचतात. म्हणून आधी मराठीत लिहा म्हणते, आई-बाबांना विचारून, आजीलासुद्धा विचारून. घरात कोणाला काय काळजी वाटते ते सगळं कागदावर येऊ दे. मग त्यातला एकेक प्रश्न आपण इंग्रजीत नेऊ.

सिन्नरची एक मुलगी या आठवड्यात येऊन गेली. तिला बी.एस्सी. नर्सिंग करायचं आहे. महाराष्ट्रातली बहुतेक नर्सिंग कॉलेजं ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत ते इथेच, दिंडोरी रोडवर, १९९८ पासून आहे. तिची एक पसंती मात्र कर्नाटकात आहे आणि तिथे मेल करायचा आहे. वहीच्या पानावर तिने प्रश्न लिहून आणले. पदवी कोणतं विद्यापीठ देणार. राज्याबाहेरून शिकलं तर महाराष्ट्रात नोंदणी कशी करायची. होस्टेल कॉलेजच्या आवारातच आहे का. बाँड लिहून घेतात का, आणि मधेच सोडलं तर किती भरावे लागतात. शेवटचा प्रश्न वेगळ्या अक्षरात होता, तिच्या आईने लिहिलेला: रात्रपाळीला वॉर्डात पाठवतात तेव्हा मुली होस्टेलवर परत कशा येतात?

हा प्रश्न कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. तो आम्ही मेलमध्ये सगळ्यात वर घातला. "कुड यू प्लीज टेल मी हाऊ स्टुडंट्स गेट बॅक टू द हॉस्टेल आफ्टर अ नाइट शिफ्ट?"